विरेचन: जुलाबाच्या दिवशी, त्याआधी आणि त्यानंतर शरीरात काय घडतं

दसरा जवळ आला की बेळगावात पंचकर्माच्या जाहिराती एकदम वाढतात. ‘वर्षभराचं विष सात दिवसांत बाहेर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि खाली शहरातल्या एखाद्या दवाखान्याचा, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या एखाद्या रिसॉर्टचा नंबर असतो. ऋतू बरोबर आहे. पावसाळा सरून ऊन तापायला लागलं की पित्त खवळतं, म्हणून शरदात विरेचन, असं आयुर्वेद सांगतो. चुकतो तो सात दिवसांचा हिशेब. विरेचन म्हणजे औषध देऊन घडवलेले जुलाब एवढंच आपल्याला ठाऊक असतं आणि सगळी भीती, सगळी चौकशी त्या एका दिवसाचीच होते. तो दिवस संध्याकाळपर्यंत आटोपतो. त्याआधीचे दहा-पंधरा दिवस आणि नंतरचा आठवडा कोणी सांगत नाही, आणि बिघडतं तेही तिथेच.

पंचकर्मातली पाच कर्मं म्हणजे वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा), नस्य (नाकात औषध) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणं). त्यांतलं विरेचन पित्तासाठी. जुनाट आम्लपित्त, अंगावर उठणाऱ्या गांधी, सोरायसिससारखे त्वचेचे विकार, काही प्रकारची डोकेदुखी अशा तक्रारींत वैद्य ते सुचवतात. घरात आजी महिन्या-दोन महिन्यांनी एरंडेल पाजायची, त्याच्याशी याचं नातं आहे, पण दूरचं.

आधी ठरवा, तुम्हाला चालेल का

हा भाग वाचायला कंटाळवाणा आहे, पण वगळू नका.

गरोदर बाई, अगदी लहान मूल, थकलेले वृद्ध, नुकताच ताप येऊन गेलेला माणूस, क्षयरोगी, रक्ती मूळव्याध किंवा फिशर असलेला, हृदयविकाराचा, मूत्रपिंडाचा रुग्ण, अंग अगदीच वाळलेला माणूस: यांनी विरेचनाच्या वाटेला जाऊ नये. यांतल्या बहुतेकांची नावं ग्रंथांतल्या निषेधाच्या यादीतही आहेत.

ग्रंथांत नसलेली, पण आज घरोघरी असलेली माणसं वेगळी. पित्ताशयात खडे असलेल्यांना स्नेहपानात, म्हणजे जुलाबाआधीच्या दिवसांत तूप पिण्यात, अडचण येते. तूप पोटात गेलं की पित्ताशय आवळतं आणि खडा नळीत अडकला तर मध्यरात्री बरगडीखाली अशी कळ येते की ऑपरेशन थिएटर गाठावं लागतं. सोनोग्राफीत खडे दिसले असतील तर ते वैद्यांना पहिल्याच भेटीत सांगा. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील तर इतकं तूप स्वादुपिंडाला सूज आणू शकतं, म्हणून रक्तातली चरबी तपासल्याशिवाय पहिला डोस घेऊ नये.

मग गोळ्या. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जुलाबांनी आणखी पाणी जाऊन बीपी कोसळतो. साखरेच्या रुग्णांचा प्रश्न जास्त नाजूक. उपाशी पोटी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेतली तर साखर एकदम उतरते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या उपास आणि जुलाब एकत्र आले तर रक्तात आम्ल साठवू शकतात, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. लिथियम, डिगॉक्सिन घेणाऱ्यांना पोटॅशियम आणि पाण्याचा असमतोल महागात पडतो. गर्भनिरोधक गोळी जुलाबांत वाहून जाते, ती त्या महिन्यात भरवशाची नाही. यांतली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना ‘विरेचन घेतोय, अमुक तारखेला उपास आणि जुलाब आहेत’ एवढं स्पष्ट सांगून विचारा. ते रागावतील ही भीती बऱ्याच जणांना असते. रागावले तरी विचारा.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृताची तपासणी आणि चरबी एवढं पुरे. ज्या ठिकाणी यांतलं काहीच न विचारता थेट पैसे भरायला सांगतात, तिथून निघा.

जागा आणि तारीख

बेळगावकरांना लांब जायची गरज नाही. शहापूरला के.एल.ई.चं कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे, १९३३ पासूनचं, आणि तिथे पंचकर्माचा स्वतंत्र विभाग आहे. बाहेर खाजगी दवाखाने पुष्कळ. निवडताना तीन गोष्टी बघा: वैद्य बी.ए.एम.एस. तरी आहेत ना (पंचकर्मात एम.डी. असतील तर उत्तम), कर्नाटकच्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे ना, आणि जुलाबाच्या दिवशी सलाईन लावायची सोय आहे ना. तिसऱ्या प्रश्नावर ‘लागत नाही हो’ असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा. बहुतेकांना लागत नाही हे खरं, पण लागली तर हाताशी हवी.

संमतीपत्र इथे बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतं. कन्नड बोलता येणाऱ्यालाही वाचता येईलच असं नाही. सही करण्याआधी नर्सला किंवा वैद्यांना मराठीत वाचून दाखवायला सांगा. संकोच नको. बहुतेक जण दाखवतात.

तारखेचं गणित असं. भूक सुधारायला तीन ते पाच दिवस, तूप पिण्याचे तीन ते सात, मधले तीन, जुलाबाचा एक, आणि नंतर पथ्याचे तीन ते सात. म्हणजे दोन ते तीन आठवडे. त्यांतले सगळे दिवस रजा नको, पण तूप पिण्याचे शेवटचे दोन-तीन, जुलाबाचा आणि त्यानंतरचे दोन असे दिवस तरी घरी हवेत.

आपल्या भागात शरद आणि कामाचा हंगाम एकमेकांवर येतात, ही खरी पंचाईत. खानापूर तालुक्यात भाताची सुगी याच सुमाराला उभी राहते, आणि चिकोडी-निपाणीकडे उसाला तोड लागायची वेळ जवळ येते. ‘जुलाब झाल्यावर दुसऱ्या दिवशी कापणीला गेलो तर चालतंय की?’ असं विचारणारे अण्णा प्रत्येक दवाखान्यात असतात. नाही चालत. उन्हात वाकून काम केलं तर चक्कर येणार. शेतकरी घरात ज्याची सुगी उशिरा त्याने नवरात्र संपताच घ्यावं, बाकीच्यांनी वैद्यांना विचारून दुसरा काळ ठरवावा. रोगासाठी घ्यायचं असेल तर ऋतूचा नियम थोडा सैल होतो.

पहिली पायरी: भूक आणणं

सुंठ, मिरी, पिंपळी किंवा चित्रकाची गोळी, सोबत गरम पाणी, हलकं जेवण. तीन-चार दिवसांनी जिभेवरचा पांढरा थर कमी झाला, ढेकर स्वच्छ यायला लागली आणि जेवणाच्या वेळेआधी भूक लागली की ही पायरी झाली. पोट फुगलेलं असताना तूप प्यायलं तर ते पचत नाही, नुसतं मळमळतं. बाकी इथे सांगण्यासारखं काही नाही.

दुसरी पायरी: स्नेहपान

लोक पंचकर्म अर्ध्यात सोडतात ते इथे.

सकाळी सूर्य उगवल्यावर लगेच, उपाशी पोटी, कोमट वितळलेलं तूप. साधं गाईचं किंवा औषधी. त्वचेच्या रोगात बरेचदा महातिक्तक किंवा पंचतिक्तक घृत देतात, आणि ते नावाप्रमाणे कडू असतं. पहिल्या दिवशी साधारण ३० मिली. ते किती तासांत पचलं, भूक कधी लागली हे बघून दुसऱ्या दिवसाची मात्रा ठरते. मग ६०, ९०, असं चढत सात दिवसांत २०० मिलीच्याही पुढे जाऊ शकतं. सगळ्यांना सारखीच मात्रा, रोज ठरलेली वाढ, असं छापील वेळापत्रक हातात ठेवणारा दवाखाना पाहिला की मला शंका येते. काल प्यायलेलं संध्याकाळपर्यंत पचलं नसेल तर आज वाढवून कसं चालेल?

आकड्यांत सांगायचं तर ३० मिली तूप म्हणजे सुमारे २४५ कॅलरी. २०० मिली म्हणजे सोळाशेच्या वर, जवळजवळ सगळी चरबीतून. दिवसभराचं दुसरं जेवण का बंद ठेवतात ते यावरून कळेल.

शरीरात काय होतं? एवढं तूप लहान आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते पित्ताशयाला आवळतं, स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला लावतं आणि जठराचं तोंड जवळजवळ बंद करतं, म्हणजे पुढचा माल हळूहळू खाली यावा. दुपारपर्यंत भूक का लागत नाही, डोकं जड का वाटतं, तुपाच्या वासानेच नको का होतं, याचं बरंचसं उत्तर या एका संप्रेरकात आहे. पित्ताशय रोज सकाळी असं पूर्ण रिकामं होत राहतं आणि यकृत नवं पित्त तयार करत राहतं. एका मर्यादेपुढे तूप पचवण्याची ताकद संपते आणि न पचलेली चरबी शौचावाटे बाहेर येते.

वैद्य ज्या खुणेची वाट बघतात ती हीच. शौच मऊ, तेलकट होतं, पाण्यावर तवंग दिसतो, भांडं धुताना चिकटपणा जाणवतो. त्वचा मऊ पडते, ओठ फुटत नाहीत, अंगाला सुस्ती येते, आणि तुपाची वाटी बघताच शिसारी येते. या खुणांना सम्यक स्निग्ध लक्षणं म्हणतात. एखाद्याला तिसऱ्या दिवशी दिसतात, एखाद्याला सातव्या. सात दिवसांपुढे नेत नाहीत.

तूप घशाखाली उतरवायच्या काही युक्त्या. वाटी आधी गरम पाण्यात ठेवा, गार तूप टाळूला चिकटतं. नाक दाबून एका दमात प्या, घोट घोट नको. वरून लगेच गरम पाणी, आणि तोंडात सैंधवाचा खडा किंवा लिंबाची चकती नुसती चघळायला. प्यायल्यावर आडवं पडू नका, पण उन्हात फिरायलाही जाऊ नका. दिवसभर गार पाणी, पंख्याखाली झोप, मोठ्याने भांडणं आणि मोटारसायकलवर खड्ड्यांतून प्रवास बंद. ही शेवटची अट खानापूर रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण चढत्या मात्रेच्या दिवसांत हादरे बसले की उलटी होते.

खरी भूक लागेपर्यंत काही खायचं नाही. लागली की पातळ पेज. जांबोटीकडच्या माणसाला पेज शिकवावी लागत नाही, शहरातल्यांना मात्र सांगावं लागतं की पेज म्हणजे दूध घातलेली खीर नव्हे.

उलटी झाली, छातीत भरून आलं, तूप रात्रीपर्यंत पचलंच नाही, तर दुसऱ्या दिवशीची मात्रा स्वतःहून घेऊ नका, फोन करा. उजव्या बरगडीखाली कळ, ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर वैद्यांच्या उत्तराची वाट न बघता इस्पितळ गाठा.

तिसरी पायरी: तेल आणि वाफ

तूप थांबल्यावर जुलाबापर्यंत तीन दिवस जातात. या दिवसांत रोज अंगाला कोमट तेल चोळून वाफेच्या पेटीत बसवतात, डोकं बाहेर ठेवून. जाहिरातीतले फोटो बहुधा याच पायरीचे असतात, कारण हीच सुखाची. वाफेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल पडतात, नाडी वाढते आणि बीपी थोडा उतरतो. पेटीतून उठताना चक्कर येते ती यामुळेच, म्हणून कोणीतरी हात धरायला हवं. घामातून विष निघतं असं पेटीशेजारचा मुलगा सांगेल. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. बाकी पदार्थ त्यात इतके किरकोळ की हिशेबात धरू नयेत.

ग्रंथांचं म्हणणं असं की स्नेहाने (तूप-तेलाने) दोष सुटे होतात आणि स्वेदाने (घाम आणून) ते कोठ्याकडे, म्हणजे पोटाकडे सरकतात. आधुनिक शरीरशास्त्रात याला जुळणारी नळी किंवा वाट दाखवता येत नाही. रुग्णाने हे दोन्ही ऐकून घ्यावं, एकाला दुसऱ्याची चादर पांघरू नये.

जेवण गरम, पातळ, हलकं: भात, मुगाचं वरण, फुलके. आदल्या रात्री थोडंच खाऊन लवकर झोपा.

चौथी पायरी: जुलाबाचा दिवस

सकाळी बीपी, नाडी, वजन बघतात. रात्रीचं जेवण पचलंय का विचारतात. नऊ-दहाच्या सुमाराला औषध देतात. बहुधा निशोत्तराचा, म्हणजे त्रिवृत्ताचा अवलेह (चाटण), ३० ते ६० ग्रॅम, कोठा मऊ की जड ते बघून. काही ठिकाणी त्रिफळ्याच्या काढ्यातून एरंडेल. जैपाळ (जमालगोटा) असलेली इच्छाभेदीसारखी औषधं तीव्र असतात आणि त्यांत पाराही असतो, तेव्हा कोणतं औषध दिलं ते नावानिशी विचारून लिहून घ्या. याला व्यवहारातलंही कारण आहे: निशोत्तर किंवा एरंडेल घेतल्यावर अधूनमधून गरम पाण्याचे घोट घ्यायचे असतात, त्याने वेग येतात, म्हणजे शौचाला लागतं. इच्छाभेदीचा नियम उलटा. गार पाण्याने वेग येतात आणि गरम पाण्याने थांबतात. शेजारच्या खाटेवरच्या मावशींचं बघून पाणी प्यायलात तर फसाल.

ही औषधं आपापल्या वाटेने काम करतात. एरंडेल लहान आतड्यात फुटून रिसिनोलेइक आम्ल सुटतं, आणि ते आतड्याच्या स्नायूंवरच्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनाच्या एका ठरावीक ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटून त्यांना आकुंचन पावायला लावतं. हे जर्मन संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. तोच ग्राहक गर्भाशयातही असतो, म्हणजे गरोदरपणी एरंडेल नको हा जुना दंडक आता कारणासकट समजतो. सोनामुखीचं वेगळंच: ती लहान आतड्यातून जशीच्या तशी जाते आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू तिचं खरं औषध तयार करतात, म्हणून तिला आठ-दहा तास लागतात. निशोत्तराची राळ आतड्याला चेतवून पाणी आत ओढते.

पाणी किती, ते पाहा. खाल्लेलं-प्यायलेलं आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला जवळजवळ सगळा आतडं परत शोषून घेतं आणि शौचात शंभर-दोनशे मिलीच जातो. विरेचनात हे शोषून घेणं काही तास मोडतं. बाहेर पडतं ते मुख्यतः हे पाणी, सोबत सोडियम आणि पोटॅशियम.

सोबतच्या माणसाने एक वही ठेवावी: वेळ, किती, कसा रंग, घट्ट की पातळ. पहिले दोन-तीन वेग साध्या मळाचे असतात, ते मोजत नाहीत. त्यानंतरचे मोजायचे. चरकसंहितेत दहा वेग म्हणजे कमी, वीस मध्यम आणि तीस उत्तम अशी गणना आहे. पण आकड्याच्या मागे लागू नका. ‘माझे अठ्ठावीस झाले, तुझे किती?’ ही स्पर्धा वॉर्डात चालते आणि ती निरर्थक आहे. नेमकी खूण शेवटच्या वेगात असते.

रंगांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी तपकिरी मळ, मग पिवळं-हिरवट पाणी, शेवटी पांढरट बुळबुळीत चिकटा. मळाला तपकिरी रंग येतो तो पित्तातल्या बिलिरुबिनवर मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंनी सावकाश काम केल्यामुळे. जुलाबात माल इतका भरभर खाली येतो की त्यांना वेळच मिळत नाही, आणि पित्त स्वतःच्या पिवळ्या-हिरव्या रंगातच बाहेर पडतं. ‘पित्त पडलं’ असं बायका म्हणतात ते शब्दशः खरं असतं. पुढे आतडं रिकामं झालं की बाहेर टाकायला उरतो तो आतड्याच्या अस्तराचा नेहमीचा बुळबुळीत स्राव. वैद्य याला कफान्त म्हणतात आणि इथे थांबतात. आतडं रिकामं झाल्याची याहून सोपी खूण नाही. हा चिकटा म्हणजे वर्षानुवर्षं भिंतीला चिकटलेला मळ असं कोणी सांगितलं तर मानू नका. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होत असतं, तिथे वर्षांचं काही चिकटून राहत नाही.

संडासाला आतून कडी लावू नका. भारतीय बैठकीवरून उठताना चक्कर येऊन पडणारे असतात, तेव्हा कमोड बरा. प्रत्येक दोन-तीन वेगांनंतर नाडी आणि बीपी बघायला हवा. थकवा, थोडी मुरड, गुदाशी जळजळ हे अपेक्षित. जीभ कोरडी पडणं, सहा-आठ तास लघवी न होणं, पायांत गोळे, छातीत धडधड, शौचातून रक्त, किंवा औषध थांबवूनही वेग न थांबणं, हे अपेक्षित नाही. दवाखान्यात असाल तर लगेच सांगा, घरी पोचल्यावर झालं तर १०८ ला फोन. तोवर ओआरएस, एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.

पाचवी पायरी: पेजेपासून भाकरीपर्यंत

याला संसर्जन क्रम म्हणतात, आणि माझ्या मते विरेचनाचा अर्धा गुण इथे आहे. वेग चांगले झाले असतील तर सात दिवस, मध्यम असतील तर पाच, कमी असतील तर तीन.

क्रम असा: पेया, विलेपी, बिनफोडणीचं कढण, फोडणीचं कढण, मग मांसरस, शेवटी नेहमीचं जेवण. सात दिवसांच्या क्रमात पेया, विलेपी, कढण (दोन्ही मिळून) आणि मांसरस प्रत्येकी तीन-तीन वेळच्या जेवणाचे.

पेयेला एक वाटी तांदूळ आणि चौदा वाट्या पाणी. तांदूळ वर्षभर जुना घ्या. नवा चिकट होतो आणि पोटात जड पडतो. आधी कोरडाच हलका भाजून घ्या, मग मंद आचेवर शितं फुटेपर्यंत शिजवा. वरचं पाणी जास्त, शितं थोडी. चिमूटभर सैंधव, सुंठेची पूड. विलेपीला चार वाट्या पाणी, म्हणजे आसट मऊ भात. कढणासाठी मूग भरपूर पाण्यात शिजवून घोटायचे आणि गाळून घ्यायचे, आधी नुसत्या मिठाचे, नंतर तूप-जिऱ्याच्या फोडणीचे. मांसाहारी घरांसाठी मांसरस म्हणजे आपलं अळणी, मसाला न घातलेलं मटणाचं पाणी. तांबडा रस्सा त्यात बसत नाही, कितीही पातळ केला तरी. शाकाहारी माणसाने कढणच दोन वेळा जास्त घ्यावं.

यामागे शरीराचं कारण आहे. आतडं रिकामं असताना पाचकरसांचं प्रमाण उतरलेलं असतं, जीवाणूंची वस्ती विरळ झालेली असते, आणि रक्तातले क्षार काठावर असतात. अशा वेळी पेजेतलं पाणी, मीठ आणि सहज पचणारा स्टार्च नेमका हवा तो माल पुरवतात. एकदम डाळ-भाजी-भाकरी घातली तर वायू धरतो, आणि आठवडाभर पोट जागेवर येत नाही. जीवाणूंची वस्ती काही आठवड्यांत बहुतेक पूर्वीसारखी भरते. ती कोणत्या अन्नावर भरते याला महत्त्व असावं, असं मला वाटतं.

मोडतं ते कुठे? चौथ्या दिवशी. अंग हलकं झालेलं असतं, भूक कडकडून लागते, आणि घरात कोणीतरी पाहुणा कुंद्याची बर्फी किंवा मांडे घेऊन येतो. ‘एवढ्याशाने काय होतंय?’ एवढ्याशाने रात्रभर पोट धरून बसावं लागतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. विशेषतः वहिनी-काकूंना, कारण आग्रह त्यांच्याकडून येतो.

मग काय बदलतं, काय नाही

वजन दोन-तीन किलोंनी उतरलेलं दिसेल. त्यातलं बहुतेक पाणी आणि आतड्यातला माल, आठवड्यात परत येतं. वजन उतरवायला विरेचन घेऊ नका.

छातीतली जळजळ, पोटाची फुगवट, त्वचेची खाज यांत बऱ्याच लोकांना काही आठवडे, काहींना काही महिने फरक जाणवतो. त्यात औषधाचा वाटा किती आणि तीन आठवडे चहा, तिखट, रात्रीचं उशिराचं जेवण बंद असल्याचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. २०१६ साली अमेरिकेत निरोगी लोकांवर झालेल्या एका अभ्यासात सहा दिवसांच्या पंचकर्म-आधारित दिनक्रमानंतर रक्तातल्या काही स्निग्ध घटकांची पातळी उतरलेली दिसली. पण त्या दिनक्रमात ध्यान, योग आणि शाकाहारही होता, आणि माणसं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. तेव्हा श्रेय नेमकं कशाला, हे मोकळंच राहिलं.

विष काढणं हे काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यांना विरेचनाची मदत लागत नाही. उलट जुलाबांनी पाणी कमी झालं तर त्यांच्यावरच ताण येतो.

साखर, बीपी, थायरॉइडच्या गोळ्या विरेचनाने सुटत नाहीत. पथ्याच्या दिवसांत साखर उतरलेली दिसते ती पेजेमुळे, खाणं पूर्ववत झालं की ती पुन्हा चढते. जुलाबांसाठी थांबवलेली गोळी कोणत्या दिवसापासून, कोणत्या मात्रेत पुन्हा सुरू करायची हे त्याच डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. क्रम संपल्यावर क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि साखर पुन्हा एकदा तपासा, विशेषतः साठी ओलांडली असेल तर. आणि दरवर्षी घ्यायलाच हवं असं काही नाही. पुढच्या शरदात तक्रार नसेल तर पैसे आणि रजा दोन्ही वाचवा.